तराजूचा पैसा आणि मुंबईची टांकसाळ

गिरगावातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या आजेसासूबाईंच्या पूजेच्या कलशात सुपारीबरोबर एक जुनं तांब्याचं नाणं असायचं. आता ते माझ्याकडे आलं आहे. एका बाजूला ढाल आणि दोन सिंह, १८३३ साल. दुसऱ्या बाजूला तराजू आणि उर्दूसारखी अक्षरं. तिथले आकडे शेजारच्या एका गृहस्थांनी १२४९ असे वाचून दिले. मग हे नाणं पावणेआठशे वर्षांपूर्वीचं का? ते मुंबईत बनलं का? नात्यातले एक जण म्हणतात, लाखांना जाईल. चिंच लावून स्वच्छ करून ठेवू का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबणारं नाही. चिंच लावू नका. लिंबू, आमसूल, ताक, पितांबरी, टूथपेस्ट, काहीच नको. का ते पुढे लिहितो, पण तोवर नाणं कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा आणि कलशात परत घालू नका.

आता सालाचं. शेजारच्या गृहस्थांनी आकडे बरोबर वाचले आहेत. ते फारसी अंक आहेत आणि साल आहे हिजरी, म्हणजे मुस्लिम कालगणनेचं. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, ते साधारण ३५४ दिवसांचं असतं. म्हणून आपल्या इंग्रजी सालाशी मेळ घालताना थोडं गणित लागतं. हिजरी सालातून त्याचे शेकडा तीन वजा करायचे आणि ६२२ मिळवायचे. एखाद्या वर्षाच्या फरकाने उत्तर येतं. १२४९ मधून ३७ गेले, राहिले १२१२, त्यात ६२२ मिळवले की १८३४. प्रत्यक्षात हिजरी १२४९ सुरू झालं मे १८३३ मध्ये. म्हणजे तुमच्या नाण्याच्या दोन्ही बाजू एकच वर्ष सांगत आहेत, एक इंग्रजी पद्धतीने आणि एक हिजरी पद्धतीने. हे जुळणं महत्त्वाचं आहे. नकली नाण्यांवर बहुतेक वेळा इथेच गफलत सापडते.

तराजूच्या पारड्यांजवळची अक्षरं 'अदल' अशी आहेत. न्याय, चोख व्यवहार या अर्थाने. नाणं मोगलांचं नाही, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याचं आहे, आणि त्याचं नाव पाव आणा, म्हणजे आपल्या बोलण्यातला एक पैसा. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाला चौसष्ट. एका पैशाच्या तीन पै. हे कोष्टक १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत चाललं. तुमच्या घरातल्या वयस्कर मंडळींना ते अजून पाठ असेल.

तर, मुंबईत बनलं का? हो, मुंबईतच. पण हे 'हो' सहज मिळालेलं नाही. तराजू असलेला तांब्याचा पैसा मुंबईच्या बाजारात त्याच्याही चाळीसेक वर्षं आधीपासून होता आणि त्यातला बराचसा विलायतेहून जहाजाने आलेला होता. माझ्याकडे लोक 'तराजूवालं नाणं' घेऊन येतात तेव्हा मी आधी हेच ठरवतो की ते तीन पिढ्यांतल्या कोणत्या पिढीचं आहे. तिन्हींवर तराजू तोच, 'अदल' तेच. बनवणारे हात मात्र वेगळे, आणि ते भिंगाखाली अगदी स्वच्छ दिसतं.

पहिली पिढी १७९१ आणि १७९४ सालांची. ही नाणी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे, मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत पाडली गेली. वाफेच्या शक्तीवर नाणी पाडण्याचा उद्योग तिथे नुकताच उभा राहिला होता आणि आपल्या मुंबईचा पैसा हा त्या यंत्रांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. या नाण्यांवर सिंह नाहीत. तिथे कंपनीची गाठोड्यांवरची खूण आहे: बदामासारखा आकार, त्याचे चार खण, प्रत्येक खणात एक रोमन अक्षर आणि डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखं चिन्ह. वखारीतून निघणाऱ्या कापडाच्या गाठींवर हीच खूण मारत. पुढे १८०४ साली सोहोहून जी नाणी आली, त्यांच्यावर खुणेच्या जागी कंपनीचं सिंह-ढालीचं चिन्ह आलं. मागे तराजू तसाच, आणि हिजरी साल १२१९. तुमच्या नाण्याचा थेट पूर्वज हा १८०४ चा पैसा.

त्या काळी तांब्याची तयार नाणी पिंपांत भरून समुद्रमार्गे हिंदुस्थानात येत. मद्रासकडे निघालेलं कंपनीचं 'ॲडमिरल गार्डनर' नावाचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स इथे रुतून बुडालं. त्यात सोहोला पाडलेली १८०८ ची तांब्याची नाणी होती. पाणबुड्यांनी विसाव्या शतकात ती वर काढली आणि आज ती जगभरच्या संग्राहकांकडे आहेत. एका पैशाच्या नाण्यासाठी एवढा प्रवास आणि एवढी जोखीम. मुंबईत सुट्ट्या तांब्याची चणचण भासायची यात नवल नाही.

दुसरी पिढी मला सगळ्यात प्रिय आहे, आणि लोक ती 'खराब झालेलं नाणं' म्हणून बाजूला टाकतात. विलायती नाणी पुरेनात, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मुंबईत हाताने ठोकलेले पैसे चालले. ही नाणी जाड असतात, पूर्ण गोल नसतात, कडेला तांबं फुटल्यासारखं दिसतं. त्यांच्यावर पुन्हा तीच बदामाची खूण आणि तोच तराजू. पण ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अख्खा तराजू एका नाण्यावर क्वचितच मावतो. एकावर नुसतं डावं पारडं आणि दांडी, दुसऱ्यावर 'अदल'चा तुकडा आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. कारागिराने चकती खालच्या ठशावर ठेवली, वरचा ठसा हातात धरला, घण घातला. घण जरा तिरका पडला की तराजूची एक बाजू खोल उमटते आणि दुसरी पुसट राहते. अशी पाच-सहा नाणी शेजारीशेजारी मांडली की त्या हाताचा वेग आणि कंटाळासुद्धा कळतो. माझ्या मते मुंबईच्या नाण्यांत याहून जिवंत दुसरं काही नाही.

तिसरी पिढी तुमची. फोर्टात शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेच्या समोर, आजही जी टांकसाळ उभी आहे, ती इमारत १८२४ ते १८२९ या काळात बांधली गेली. काम मुंबईच्या इंजिनिअर पलटणीतल्या मेजर जॉन हॉकिन्स यांचं. वाफेची इंजिनं आणि यंत्रं सोहोच्याच बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यातून आणली. कलकत्त्यालाही त्याच सुमारास अशीच नवी टांकसाळ झाली, तीही १८२९ चीच. म्हणजे आधी पैसा बर्मिंगहॅमहून यायचा, आता पैसा पाडणारं यंत्रच बर्मिंगहॅमहून आलं. टांकसाळ पुरी झाली १८२९ मध्ये, आणि यंत्रावर पाडलेला मुंबईचा तराजूचा पाव आणा येतो १८३० सालचा. तुमचा १८३३ चा पैसा या नव्या यंत्रांच्या पहिल्या काही वर्षांतला आहे.

यंत्रावर पैसा कसा तयार होतो ते थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या खुणा तुमच्या नाण्यावर शोधता येतील. तांबं वितळवून त्याच्या लांबट कांबी ओतायच्या. त्या रुळांच्या मधून पुन्हा पुन्हा दाबून हव्या त्या जाडीची पट्टी करायची. दाबून तांबं ताठ होतं, म्हणून मध्ये भट्टीत तापवून नरम करायचं. पट्टीतून छाप्याने चकत्या कापायच्या, वजन बघायचं, पातळ आम्लात धुऊन काळपटपणा काढायचा, वाळवायच्या. मग चकती दोन ठशांच्या मध्ये, एका पोलादी कड्यात बसते आणि वरून दाब येतो. तांब्याला बाजूला पसरायला जागाच नसते, म्हणून नाणं पूर्ण गोल येतं आणि सगळी सारखी येतात. हाताने ठोकलेल्या पैशात आणि तुमच्या पैशात सगळ्यात मोठा फरक या कड्याचा.

आता एक भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं पुरेल, आणि खिडकीपाशी सकाळच्या तिरप्या उजेडात नाणं धरा. आधी सिंहांच्या छातीकडे आणि मांडीकडे बघा. हा नाण्यावरचा सगळ्यात उंच भाग, तो आधी झिजतो. तिथे आयाळीच्या रेघा दिसत असतील तर नाणं फारसं फिरलेलं नाही. मग उलटं करून तराजूच्या साखळ्या बघा. चांगल्या नाण्यात त्या बारीक ठिपक्यांच्या ओळीसारख्या सुट्या दिसतात. वापरलेल्या नाण्यात त्यांची एक सपाट रेघ होते. एक बारकावा: साखळी सपाट असेल पण आजूबाजूची पाटी, म्हणजे नाण्याची सपाट जागा, गुळगुळीत नसून तिच्यावर पट्टीच्या बारीक चऱ्या शिल्लक असतील, तर ती झीज नाही. ठसाच जुना होत आला होता किंवा दाब कमी पडला होता. झीज उंचवटा आणि सपाटी दोन्हींवर होते, कमी दाब फक्त उंचवट्यावर दिसतो. नवखे लोक या दोन्हींत घोटाळा करतात आणि चांगलं नाणं स्वस्तात देऊन टाकतात.

शेवटी कड बघा. मध्ये गोल फिरणारी शिवण किंवा कानसेच्या खुणा दिसल्या, किंवा पाटीवर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर ते साच्यात ओतलेलं नाणं, म्हणजे नक्कल. वजनही करून घ्या. झवेरी बाजारात कोणताही सराफ काट्यावर ठेवून देईल. वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेलं असेल तर थोडं कमी. तोळ्याशी तुलना केली तर अर्ध्या तोळ्याहून जरा जास्त. पाच ग्रॅम किंवा आठ ग्रॅम भरलं तर मला जरूर कळवा, कारण मग प्रकरण वेगळं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात येईल: नाण्यावर टांकसाळीचं नाव किंवा खूण नाही, मग मुंबईचं कशावरून? त्या वेळी मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांची नाणी आपापली होती, आणि 'अदल'चा तराजू मुंबईचा होता. त्याचमुळे व्यवहारात कटकटही फार होती. पेशवाई १८१८ ला गेली तरी देशावर आणि कोकणात शिवराई चालतच होती. चांदीचे रुपयेही नाना टांकसाळींचे. प्रत्येक अदलाबदलीत सराफ बट्टा घ्यायचा, आणि तो बट्टा शेवटी भाजी विकणाऱ्या बाईच्या आणि हमालाच्या पदरातून जायचा. १८३५ साली कंपनीने कायदा करून सगळ्या मुलखाला एकच नाणं केलं. पाव आणा १०० ग्रेनचा, म्हणजे ६.४८ ग्रॅम, ठरला. अर्धा आणा २०० ग्रेनचा, तोच आपला ढब्बू. सिंह-ढाल राहिली, पण मागच्या बाजूला पानांचं वेटोळं आलं आणि तराजू गेला. म्हणून तुमचा १८३३ चा पैसा हा तराजूच्या अगदी शेवटच्या नाण्यांपैकी आहे. हीच त्याची खरी ओळख, आणि मी तुमच्या जागी असतो तर नाण्याच्या पाकिटावर हेच लिहून ठेवलं असतं.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. कंपनी गेली, १८६२ पासून पैशावर व्हिक्टोरिया राणी आली, १८७७ पासून ती 'एम्प्रेस' झाली. १९०६ मध्ये निव्वळ तांबं जाऊन कासं आलं आणि पैसा हलका झाला, ७५ ग्रेनचा. लढाईच्या दिवसांत, १९४३ पासून, मध्ये भोक असलेला चिमुकला पैसा आला. पुष्कळ घरांत डब्यात तो अजून सापडतो. आपल्या टांकसाळीने १९१८ मध्ये लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा म्हणून सोन्याचे सॉव्हरिनही पाडले. आणि ती आजही चालू आहे. पर्समधलं कोणतंही नाणं काढा आणि सालाच्या खाली बघा: पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर ते मुंबईत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं.

आता चिंचेचं. तांब्यावर वर्षानुवर्षं हवेशी संयोग होऊन जो तपकिरी थर बसतो, तो मळ नाही. तो तांब्याचाच घट्ट झालेला थर आहे आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं. नाणं दोन मिनिटांत गुलाबी चकाकतं, सगळे खूश होतात, आणि महिनाभरात त्यावर आधीपेक्षा वाईट, डागाळलेला काळपटपणा येतो. प्रत्येक घासण्यात साखळीचे ठिपके आणि सिंहाची आयाळ थोडी थोडी जाते. कलशात राहिलेल्या नाण्यांचं दुखणं बहुधा हेच असतं: वर्षभर पाणी, हळदकुंकू आणि सणाच्या आदल्या दिवशी चिंच. जाणकार गिऱ्हाईक घासलेलं नाणं हातात घेताच ओळखतो आणि निम्म्याहून कमी भाव सांगतो.

तुम्ही एवढंच करा. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं एक दिवस ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. कुंकू खाचेत अडकलं असेल तर ओल्या लाकडी टूथपिकने हलकेच काढा. धातूची सुई नको. हिरवा रंग दिसला तर त्याचे दोन प्रकार असतात. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर निरुपद्रवी. फिकट, पोपटी, भुकटीसारखा आणि टोकल्यावर झडणारा असेल तर तो क्षारांचा रोग आहे, तो आत खात जातो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तो झपाट्याने पसरतो. तसं काही दिसलं तर नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि संग्रहालयाच्या जतनकाम करणाऱ्या माणसाला दाखवा. घरगुती उपाय नकोत. ठेवताना मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं टाळा, त्यांतून कालांतराने चिकट हिरवट द्रव सुटतो. कागदी पाकीट, घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरे. पूजेसाठी कलशात सध्याचं नाणं घाला. ज्या श्रद्धेने आजेसासूबाई घालत होत्या ती त्यात कमी होत नाही.

किंमत. लाख विसरा. तराजूचे हे पैसे भरपूर निघाले आणि भरपूर टिकले. झिजलेलं, घासलेलं नाणं काही शे रुपयांचं. साखळीचे ठिपके आणि आयाळ शाबूत, मूळ तपकिरी रंग टिकलेला असेल तर त्याच्या कित्येक पट. लाखांच्या गोष्टी पसरवणारे लोक निराळे असतात. कोणी 'नोंदणी शुल्क', 'कर', 'कमिशन' आधी भरायला सांगितलं की तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे उकळले जातात म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. जुन्या नाण्यांच्या व्यवहाराशी बँकेचा काही संबंध नाही. 'तांदूळ ओढणारं नाणं', म्हणजे तांदळाचे दाणे आपल्याकडे खेचतं असं सांगून खपवलेलं नाणं, हा तर शुद्ध फसवणुकीचा धंदा आहे, त्यात चांगली शिकलेली माणसं घर घालवून बसली आहेत. आणि रामदरबार, हनुमान किंवा कमळ असलेली, कंपनीचं नाव आणि १८१८ साल छापलेली 'अर्धा आणा' नाणी कंपनीने कधीच पाडलेली नाहीत. ती देवळाबाहेर विकायची पदकं आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, पैसे मोजायला आहे.

कायद्याचंही लक्षात असू द्या. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवू नका. घरात वारशाने आलेलं नाणं जवळ ठेवायला काहीच अडचण नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचं मात्र वेगळं, तो १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

तुम्ही गिरगावातच आहात, तर एखाद्या दुपारी फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन या. जुन्या राजवटींपासून कंपनीपर्यंतची नाणी तिथे नीट मांडलेली आहेत. जाताना आपल्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, म्हणजे ताडून बघता येईल. तेच फोटो आणि सराफाने सांगितलेलं वजन मला पाठवा. सिंहांच्या छातीचा फोटो तिरप्या उजेडातला हवा, फ्लॅश मारू नका.